एजी कोपनहेगनवरून भांडायचंच असेल तर नीट भांडूया

डॅनिश हँडबॉल फॉलो करणाऱ्या लोकांत एक वाद आहे जो काही केल्या मिटत नाही. ऑल्बॉर्ग या डॅनिश क्लबने कुणी मोठा प्लेयर आणला की तो उकरून निघतो. २०२१ ला आरोन पाल्मार्सन आला तेव्हा निघाला, २०२२ ला मिक्केल हान्सन पॅरिस सोडून मायदेशी आला तेव्हा निघाला, २०२३ ला निकलस लँडिन जर्मनीतल्या कील क्लबातून आला तेव्हा तर कहरच झाला. एक गट म्हणतो बघा, हे दुसरं एजी कोपनहेगन होणार, म्हणजे दोन वर्षं झगमगून २०१२ ला बुडालेला तो राजधानीतला क्लब, पैशाने टीम उभी केली की शेवट दिवाळ्यातच. दुसरा गट म्हणतो तुम्हाला मोठं काही बघवतच नाही, तुम्ही बसा खेड्यातल्या हॉलमध्ये कॉफी पीत. आणि मग दोन्हीकडून तेच ते, तेच ते. मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो इतका भोंगळपणे चाललेला बघून त्रास होतो. दोन्ही गट फक्त पैशावर भांडतायत, एकाला तो पाप वाटतो आणि दुसऱ्याला त्याच्याशिवाय काही दिसत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. एजी कोपनहेगन मोठी स्वप्नं बघितली म्हणून बुडालं नाही, महाग प्लेयर घेतले म्हणूनही बुडालं नाही, ते बुडालं कारण सगळा भार एकाच खिशावर होता आणि तो खिसा बाजूला झाल्यावर ओझं उचलायला दुसरं कुणीच नव्हतं. क्लब किती श्रीमंत आहे हे विचारून झालं, आता तो किती जणांचा आहे हे विचारा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगतो. येस्पर निल्सन हा डॅनिश उद्योजक, पॅन्डोरा या दागिन्यांच्या ब्रँडच्या जर्मनी आणि आसपासच्या विक्रीतून पैसेवाला झालेला, आणि त्याच्या कासी नावाच्या कंपनीवरून लोक त्याला कासी-येस्पर म्हणायचे. २०१० मध्ये त्याने कोपनहेगन भागातले दोन क्लब एकत्र केले, एक एफसीके हँडबॉल, जो २००८ चा डॅनिश चॅम्पियन होता, आणि दुसरा आल्बर्ट्सलुंड-ग्लोस्ट्रुप या उपनगरांचा एजी हँडबॉल. त्यातून झालं एजी कोपनहेगन. मग बार्सिलोनातून मिक्केल हान्सनला आणलं, तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. आर्नोर आट्लासन, स्नोरी गुड्योनसन, लार्स क्रिस्टियान्सन, योआकिम बोल्डसन, गोलमध्ये कास्पर व्हिट, पिव्होटवर, म्हणजे समोरच्या बचावात घुसून खेळायच्या जागी, रेने टॉफ्ट हान्सन. २०११ ला वर आणखी ऑलाफुर स्टेफान्सन आणि गुड्योन वालुर सिगुर्डसन, म्हणजे आइसलँडच्या हँडबॉलमधली दोन सगळ्यात मोठी नावं. २१ मे २०११ ला डॅनिश लीगची फायनल पार्केनमध्ये, म्हणजे चक्क देशाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये ठेवली, समोर बियेरिंगब्रो-सिल्केबोर्ग, आणि ३६,६५१ लोक बघायला आले. क्लब हँडबॉलच्या मॅचला तोवर जगात कुठेही इतके लोक आले नव्हते. तो रेकॉर्ड मोडायला २०१४ उजाडलं, तोही जर्मनीत, फ्रँकफर्टच्या स्टेडियममध्ये. २०११ आणि २०१२, दोन्ही वर्षी एजी चॅम्पियन. २०१२ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये क्वार्टर फायनलला बार्सिलोनाला बाहेर काढलं, कोलोनच्या फायनल फोरमध्ये गेले, सेमीफायनल अटलेटिको माद्रिदकडून हरले, मग फुक्से बर्लिनला हरवून तिसरे आले. पहिल्याच फटक्यात युरोपात तिसरे. आणि ३१ जुलै २०१२ ला क्लबचं दिवाळं जाहीर झालं. कोलोनमधून परत येऊन दोन महिने होतायत तोवर.

आता जे लोक एजीच्या बाजूने बोलतात त्यांचं जे सगळ्यात भक्कम म्हणणं आहे ते आधी मान्य करूया, कारण ते खरंच भक्कम आहे. कोपनहेगन हे हँडबॉलचं जन्मगाव म्हणावं असं. होल्गर निल्सन नावाच्या शाळामास्तरने शहराला लागून असलेल्या ऑर्ड्रुपच्या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ मुलांना शिकवला आणि १९०६ मध्ये त्याचे नियम छापले. आणि तरी एकविसाव्या शतकात राजधानीत हँडबॉल म्हणजे फुटबॉलच्या सावलीतली गोष्ट होऊन बसलेली, सगळा खेळ पश्चिमेकडे, युटलँड या द्वीपकल्पावर आणि फ्यून बेटावर सरकलेला. चांगला डॅनिश प्लेयर वयात आला की जर्मनी नाहीतर स्पेनला जायचा, कारण पैसा तिकडे. एजीने हे पहिल्यांदा उलटं फिरवून दाखवलं. देशाचा सगळ्यात मोठा प्लेयर देशाच्या लीगमध्ये खेळताना पोरांना समोर बघायला मिळाला, आणि २०११ सालचा जगातला सर्वोत्तम प्लेयर हा किताब हान्सनला मिळाला तो एजीच्या जर्सीत असताना. जानेवारी २०१२ मध्ये डेन्मार्कने सर्बियात युरोपियन चॅम्पियनशिप जिंकली, त्या टीमचा हुकमी एक्काही हाच. हे सगळं खोटं होतं, फुगा होता असं जे म्हणतात ते त्या ३६ हजार लोकांचा अपमान करतात. त्या संध्याकाळी पार्केनमध्ये जी पोरं आईबापांबरोबर बसली होती त्यांच्यासाठी ते खरं होतं.

पण मग एवढं खरं होतं तर दोन महिन्यांत गेलं कुठे? इथे एजीवाले म्हणतात की दुर्दैव, मालकाचे दिवस फिरले, नाहीतर आज क्लब युरोपवर राज्य करत असता. मला हे पटत नाही. निल्सनचं नशीब ज्या धंद्याशी बांधलेलं होतं त्या पॅन्डोराचा शेअर ऑगस्ट २०११ मध्ये एका दिवसात साठ टक्क्यांहून जास्त पडला होता, म्हणजे पार्केनच्या फायनलनंतर तीनच महिन्यांत. दागिन्यांचा बाजार वरखाली होणारच, त्यात नवल काय? नवल याचं की युरोपातल्या तिसऱ्या नंबरच्या टीमचं भवितव्य बांगड्यांच्या विक्रीवर टांगलेलं आहे हे दिसत असून कुणाला वावगं वाटलं नाही. निल्सन मागे हटला, त्याची जागा घेणारे लोक वेळेत जमले नाहीत, आणि विषय संपला. मी त्या माणसाला खलनायक करत नाही. त्याने स्वतःचा पैसा घातला, स्वतःची झोप घालवली, त्याचं हँडबॉलवर प्रेम होतं यात मला शंका नाही. पण एका माणसाच्या प्रेमावर क्लब चालवायचा म्हणजे तो माणूस थकणार नाही, आजारी पडणार नाही, कंगाल होणार नाही आणि त्याचा मूडही बदलणार नाही असं धरून चालायचं. असं धरून कुणी चालतं का?

आणि हे एकट्या एजीचं असतं तर दुर्दैव म्हटलं असतं. त्या २०१२ च्या सेमीफायनलमध्ये एजीला हरवणारी टीम आठवा, अटलेटिको माद्रिद. ती मुळात सिउदाद रेआल, स्पेनच्या एका मध्यम शहरातला क्लब, २००६, २००८ आणि २००९ असे तीनदा युरोपचे चॅम्पियन. २०११ मध्ये टीम उचलून राजधानीत नेली, नाव बदललं, आणि २०१३ च्या जुलैत ती पण बंद. म्हणजे कोलोनच्या त्या चारपैकी दोन टीम सव्वा वर्षात पृथ्वीवरून नाहीशा. २०१३ ला चॅम्पियन्स लीग जिंकली हाम्बुर्गने, एका श्रीमंत पाठीराख्याच्या जोरावर, आणि २०१५ च्या डिसेंबरात त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. मग मॅसेडोनियाचा वार्दार, रशियन मालक, २०१७ आणि २०१९ ला युरोपियन चॅम्पियन, आणि मालकाने हात आखडता घेतला तसे सगळे प्लेयर पांगले. एवढी यादी झाल्यावरही याला योगायोग म्हणायचं?

यातलं हाम्बुर्ग मात्र नीट बघण्यासारखं आहे. तिथे व्यावसायिक कंपनी गेली पण खालची मूळ संस्था, पोरांच्या टीम, मेंबर लोक राहिले. त्यांनी तिसऱ्या डिव्हिजनपासून पुन्हा सुरुवात केली आणि २०२१ ला बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये परत आले. आणि याहून बोलका दाखला म्हणजे खुद्द निल्सनचा. त्याच काळात त्याचा पैसा जर्मनीतल्या ऱ्हाईन-नेकार ल्योवेन या क्लबातही होता. तिथूनही तो बाहेर पडला, तिथेही हादरा बसला, पण क्लब टिकला आणि २०१६, २०१७ असा लागोपाठ दोनदा बुंडेसलीगा जिंकला. माणूस तोच आणि पैसाही तोच, एका ठिकाणी तो निघाला तर क्लब डगमगून उभा राहिला आणि दुसऱ्या ठिकाणी जमीनदोस्त झाला. मग फरक पैशात आहे की पैशाच्या खाली काय होतं त्यात आहे?

आता दुसऱ्या बाजूचा, म्हणजे "खेडं शुद्ध, शहर लोभी" म्हणणाऱ्यांचा हिशोब. हे लोक नेहमी जीओजीचं नाव घेतात. फ्यून बेटाच्या दक्षिणेला गुडमे नावाचं जेमतेम हजारभर वस्तीचं गाव, गुडब्येर्ग, ऊरे आणि गुडमे अशा तीन गावांचा मिळून क्लब, आणि त्याच्या नावावर नऊ डॅनिश चॅम्पियनशिप. ऐकायला सुंदरच आहे. (जाता जाता, याच गुडमेत उत्खननात लोहयुगातला एक प्रचंड सभामंडप सापडला आहे, सत्तेचाळीस मीटर लांब, म्हणजे हँडबॉलच्या चाळीस मीटरच्या कोर्टापेक्षाही मोठा. मोठ्या छपराखाली जमायची सवय त्या गावाला बरीच जुनी आहे.) पण याच जीओजीचं जानेवारी २०१० मध्ये दिवाळं निघालं होतं हे सांगायला हे लोक विसरतात. तेव्हा क्लबने शेजारच्या स्वेन्बोर्ग शहराशी जोडणी केलेली, नाव जीओजी स्वेन्बोर्ग टीजीआय, खर्च आवाक्याबाहेर गेलेला, आणि मग सीझन चालू असताना सगळं कोसळलं. निकलस लँडिनसारखा गोलकीपर त्यावेळी तिथे होता, तो बियेरिंगब्रो-सिल्केबोर्गला गेला. म्हणजे खेड्यातला क्लब आहे म्हणून तो काटकसरी असतो, समंजस असतो, हे सपशेल खोटं. एजी ज्या वर्षी जन्मलं त्याच वर्षी हा सगळ्यांच्या कौतुकाचा गावचा क्लब बुडाला होता.

हा मुद्दा एजीवाले दातओठ खाऊन मांडतात आणि बरोबरच मांडतात. पण ते इथेच थांबतात. दिवाळं वाजल्यानंतर काय झालं? जीओजी खालच्या डिव्हिजनला गेलं. तिथे घरच्या पोरांना घेऊन खेळलं. परत वर आलं. आणि २०२२ ला, म्हणजे आधीच्या टायटलनंतर बरोबर पंधरा वर्षांनी, पुन्हा चॅम्पियन झालं, २०२३ ला परत. त्या टीममधून निघाला माथियास गिडसेल, पुढे पॅरिस ऑलिंपिकचा सर्वोत्तम प्लेयर. त्यातूनच निघाला सिमोन पिटलिक, ज्याच्या वडिलांनी, यान पिटलिकने, कोच म्हणून डेन्मार्कच्या मुलींना २००० आणि २००४ चं ऑलिंपिक गोल्ड मिळवून दिलं होतं. एजीचं काय झालं? हान्सन पॅरिसला गेला, रेने टॉफ्ट आणि सिगुर्डसन कीलला, आट्लासन फ्लेन्सबुर्गला. एका उन्हाळ्यात टीम संपली आणि त्या नावाने पुन्हा कुणी उभं राहिलं नाही. दोन्ही क्लबांनी आवाक्याबाहेर खर्च केला, दोन्ही बुडाले, मग एकच परत कसा आला?

याचं उत्तर कुठल्याही डॅनिश गावातल्या हॉलमध्ये शनिवारी सकाळी मिळतं. लहान पोरांच्या मॅचेस एकामागून एक लागलेल्या असतात, मधे श्वास घ्यायला जागा नाही. टेबलावर घड्याळ आणि स्कोअर सांभाळायला कुणाची तरी आई नाहीतर कुणाचा तरी बाप बसलेला, कोचने टाइम-आउटचं हिरवं कार्ड टेबलावर ठेवलं की तोच घड्याळ थांबवणार. कँटीनमध्ये आळीपाळीने ड्युटी. मोठ्यांच्या प्रॅक्टिसनंतर बॉल राळेने काळाकुट्ट झालेला, बॉल हातातून निसटू नये म्हणून लावतात ती राळ हाताला, जर्सीला, दाराच्या कडीला सगळीकडे, आणि फरशी खराब होते म्हणून बऱ्याच हॉलमध्ये राळ वापरण्यावरून कायम तंटे. यातला एकही माणूस पगारी नाही. पहिल्या टीमची कंपनी बुडाली म्हणून शनिवारची दहाची मॅच रद्द होत नाही. गुडमेत २०१० च्या जानेवारीनंतरही ती झाली. आणि जवळच ऊरेला खेळाची निवासी शाळा, तिथे देशभरातून पोरं येतात, त्यामुळे खालून पाणी येत राहिलं. एजीलाही कागदावर मूळ क्लब होते, डॅनिश पद्धतीत पहिल्या टीमची कंपनी अशा मूळ क्लबच्या लायसन्सवरच चालते, पण लोक ज्या टीमवर जीव टाकत होते ती टीम या हॉलमधून वर आलेली नव्हती, ती वरून खाली ठेवलेली होती. लग्नाच्या मांडवासारखं. मांडव कितीही देखणा असला तरी त्यात कुणी राहायला जात नाही.

मग शहर विरुद्ध खेडं हा मुद्दाच निकालात निघतो का? माझ्या मते हो, आणि त्यासाठी महिलांच्या हँडबॉलकडे बघा, जिकडे हे वादवाले सहसा बघतच नाहीत. स्लागेल्से हे झीलंडमधलं छोटं शहर, कोच आन्या आन्दर्सन, स्वतः जगातली अव्वल प्लेयर राहिलेली, आणि तिच्या हाताखाली टीमने २००४, २००५ आणि २००७ अशा तीन चॅम्पियन्स लीग जिंकल्या. असा झंझावाती क्लब डेन्मार्कने क्वचितच बघितला असेल. आणि तिसऱ्या टायटलनंतर वर्षभरातच पहिली टीम स्लागेल्समध्ये उरली नाही, ती कोपनहेगनला एफसीकेकडे गेली, आणि तिथेही फार दिवस टिकली नाही. तिकडे विबॉर्ग, तेही काही महानगर नाही, त्यांनीही तीनच चॅम्पियन्स लीग जिंकल्या, २००६, २००९, २०१०, पैशाच्या ओढाताणी त्यांनीही सोसल्या, आणि तो क्लब आजही वरच्या लीगमध्ये खेळतोय. दोन्ही छोटी शहरं, दोन्हीकडे तीन युरोपियन कप. एकाची सगळी ताकद मोजक्या माणसांत साठलेली होती, दुसऱ्याची वर्षानुवर्षं शहरात मुरलेली.

डेन्मार्कला हे नवीन नाही, उलट हा देश याच गोष्टीवर उभा आहे. १८८२ मध्ये पश्चिम युटलँडमधल्या हियेडिंगला तिथल्या शेतकऱ्यांनी मिळून पहिली सहकारी डेअरी काढली. त्याआधी चांगलं लोणी म्हणजे मोठ्या जमीनदारांच्या वाड्यातलं लोणी, छोट्याचं दूध कुणी विचारत नसे. सहकारी डेअरीत नियम असा की गायी कितीही असोत, मत एकच. आणि कर्ज काढलं तर सगळे मेंबर मिळून जबाबदार. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण मताचा हक्क सगळ्यांनाच हवा असतो पण कर्जाला खांदा द्यायला कोण येतं त्यावरून संस्था कुणाची ते कळतं. थोड्याच वर्षांत देशभर अशा डेअऱ्या झाल्या आणि जमीनदारांचं लोणी मागे पडलं. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही, साखर कारखाने आणि दूध संघ बघत वाढलेली माणसं आपण. सहकार म्हटलं की सगळं पवित्र असं मी म्हणत नाही, आपल्याकडे कारखाने कसे चार घरांच्या घशात गेले तेही आपण डोळ्यांनी बघितलंय. पण तिथेही दुखणं तेच होतं ना, की शंभर जणांची गोष्ट चार जणांची झाली?

यावर सगळ्यात चोख प्रतिप्रश्न असा की अहो, वर्गणी आणि केक विकून ऑलाफुर स्टेफान्सन येत नाही. बरोबर आहे, येत नाही. युरोपात वर खेळायचं तर पगार युरोपचे द्यावे लागतात, आणि मोठे स्पॉन्सर, मोठे मालक लागतातच. मी त्याच्या विरोधात नाहीच, आणि म्हणूनच मला ऑल्बॉर्गला दुसरं एजी म्हणणं चुकीचं वाटतं. ऑल्बॉर्ग काही साधं गाव नाही, पण कोपनहेगनसारखी चमकही त्याला नाही, जहाजांचा कारखाना १९८८ ला बंद पडलेलं उत्तर युटलँडमधलं कामगारांचं शहर. हँडबॉल टीम आधी एएबी या फुटबॉल कंपनीचा भाग होती, २०१० ला पहिली चॅम्पियनशिप जिंकली, आणि २०११ ला फुटबॉलवाल्यांना ती झेपेना तेव्हा स्थानिक व्यावसायिकांनी ती सोडवून घेतली. मग २०१३, २०१७, आणि २०१९ ते २०२१ लागोपाठ तीन टायटल. इथे क्रम बघा. पाल्मार्सन, हान्सन, लँडिन हे सगळे त्यानंतर आले. २०२१ च्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलमध्ये या टीमने पॅरिसच्या पीएसजी क्लबला हरवलं, ज्या पीएसजीत त्यावेळी हान्सन खेळत होता. फायनलला बार्सिलोनाने ३६-२३ असं धुतलं ते खरं, पण तिथपर्यंत जाताना एकही जगज्जेता स्टार विकत घेतलेला नव्हता. आधी दहा वर्षं हॉल भरवला, आधी स्पॉन्सरांची लांबलचक रांग केली, मग तारे आणले. २०२४ ला पुन्हा फायनल, पुन्हा बार्सिलोना, आणि ३१-३० अशी एका गोलाने हार. ती मॅच बघून मला रात्री झोप लागली नाही हे कबूल करतो. हान्सन त्यानंतर पॅरिसचं ऑलिंपिक गोल्ड घेऊन रिटायर झाला. २०२५ ला ऑल्बॉर्ग परत डॅनिश चॅम्पियन. सगळ्यात मोठा तारा गेला आणि टीम जागेवर आहे, एजीबद्दल हे वाक्य कधी लिहिता आलं असतं?

उद्या ऑल्बॉर्गलाही तंगी येऊ शकते. मोठे पगार डोईजड होऊ शकतात, मालक लोक कंटाळू शकतात. तसं झालं तर माझं म्हणणं चुकलं असं होणार नाही, तेव्हाच ते तपासलं जाईल, क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये का होईना पण श्वास घेत राहतो की नाही यावर.

राहता राहिलं पीएसजी. लोक म्हणतात एका मालकाचं मॉडेल चालत नाही तर पॅरिस कसं चाललं? २०१२ मध्ये कतारने तो क्लब घेतला, एजीतून सुटलेला हान्सन पहिल्याच उन्हाळ्यात तिथे गेला, दहा वर्षं राहिला, फ्रेंच लीग वर्षामागून वर्ष जिंकली. मान्य. पण जो खिसा एका देशाच्या तिजोरीएवढा खोल आहे त्याच्यावरून नियम काढायचा का? आणि तेवढा पैसा ओतूनसुद्धा चॅम्पियन्स लीग एकदाही हाती लागली नाही, २०१७ ची फायनल वार्दारकडून २४-२३ अशी गेली. हान्सनची सगळी कारकीर्दच या वादाचा नकाशा आहे, गावच्या जीओजीतून वर आला, बार्सिलोनाच्या बड्या संस्थेत गेला, एका माणसाच्या एजीत, मग एका देशाच्या पीएसजीत, आणि शेवटी ऑल्बॉर्गला. चॅम्पियन्स लीग त्याला कुठेच मिळाली नाही. म्हणजे त्या कपावरून कुठलं मॉडेल बरोबर ते ठरवण्यातच अर्थ नाही.

एक प्रयोग मात्र एजीच्या पाठीराख्यांनी विसरू नये. एजी बुडाल्यावर कोल्डिंगच्या जुन्या नावाजलेल्या क्लबने राजधानीतली ती रिकामी जागा घ्यायला केआयएफ कोल्डिंग कोपनहेगन असं नाव घेतलं, २०१४ आणि २०१५ ची चॅम्पियनशिपही जिंकली. तरी दोनशे किलोमीटरवरची दोन शहरं एका टीमला आपली म्हणेनात, आणि नावातलं कोपनहेगन गळून पडलं. टायटल मिळूनही लोक जोडले गेले नाहीत. ज्या शहरातून एके काळी ३६ हजार लोक आले त्या शहराला जिंकणारी टीम आयती मिळाली आणि तरी ती त्यांची झाली नाही, तर मग त्या ३६ हजारांतले किती जण हँडबॉलसाठी आले होते आणि किती जण त्या एका संध्याकाळच्या थाटासाठी, हा प्रश्न विचारायलाच हवा. मी म्हणतो थाटासाठी आलेलेही चांगलेच, पण त्यांना पुढच्या शनिवारी कुठल्या हॉलमध्ये बोलवायचं हे कुणीतरी ठरवायला हवं होतं.

हे मी मराठीत लिहितोय त्याला कारण आहे. जून २०२३ मध्ये जयपूरला पहिली प्रीमियर हँडबॉल लीग झाली आणि ती महाराष्ट्र आयर्नमेनने जिंकली. तेव्हापासून आपल्याकडच्या हँडबॉलवाल्यांच्या बोलण्यात "एखादा तगडा मालक मिळाला की झालं" हे वाक्य सारखं ऐकू येतं, आणि ते वाक्य ऐकलं की मला थेट एजी आठवतं. आपल्याकडे हँडबॉल जिवंत आहे तो शालेय स्पर्धांमध्ये, जिल्ह्याच्या आणि विभागाच्या मॅचेसमध्ये, मातीच्या नाहीतर सिमेंटच्या ग्राउंडवर चुन्याने ओढलेल्या रेषांवर, आणि तो टिकवलाय पीटीच्या सरांनी, बाईंनी, बऱ्याचदा पदरमोड करून. दहावी झाली की त्यातल्या पोरांना आणि विशेषतः पोरींना खेळायला क्लबच नाही. मालक यावेत, लीग व्हाव्यात, टीव्हीवर दिसावं, सगळं व्हावं. पण फ्रँचायझी देताना किमतीच्या आकड्याबरोबर मालकाकडून हेही लिहून घ्या की कुठल्या जिल्ह्यात छपराखालचं चाळीस बाय वीसचं कोर्ट करणार, तिथे दहावीनंतरच्या मुलामुलींना आठवड्यातून किती दिवस खेळायला मिळणार, आणि तुम्ही सोडून गेलात तर ते कोर्ट कुणाच्या नावावर राहणार.